शिलाराजला माती देणारा बसू

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. फोनवर त्याचे थोरले भाऊ, विश्वनाथअण्णा. "मंगल, बसू लिंगैक्य झाला," एवढं म्हणाले आणि थांबले. मला वाटलं पुढे काहीतरी सांगतील. पुढे काही नव्हतंच. दुपारी दुकानात छातीत जळजळ होतेय म्हणाला, समोरच्या गाडीवरून सोडा मागवला, अर्धा प्यायला आणि बारदान्याच्या गठ्ठ्यावर आडवा झाला. झालं... लोक विचारतात, बातमी ऐकून रडू आलं असेल. नाही आलं. राग आला. छातीत दुखतंय तर दवाखान्यात जायचं सोडून सोडा पिणाऱ्या माणसाचा राग आला, सोडा आणून देणाऱ्याचा आला, आणि इतक्या मोठ्या माणसाला इतक्या फालतू रीतीनं उचलून नेणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला. अजून येतो. हे लिहितानाही आलेलाच आहे, आणि तो झाकून लिहिणं मला जमणार नाही.

बसू म्हणजे बसवराज. लातूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत त्यांचं बारदान्याचं दुकान. डाळ मिलवाले आणि आडतवाले ज्या रिकाम्या पोत्यांत माल भरतात ती पोती विकत घ्यायची, फाटकी शिवून घ्यायची, गठ्ठे बांधून परत विकायची, हा धंदा. आमचं गाव औशाकडचं. वडिलांची शेती, घरात अक्षर ओळखणारं कुणी नाही. पण पोरीनं शिकावं असं वडिलांच्या डोक्यात कुठून तरी शिरलं आणि त्यांनी मला आत्याबरोबर लातूरला खोली करून ठेवलं. ती खोली बसूच्या दुकानाच्या मागे होती. दुकान आणि खोलीच्या मध्ये एक लिंबाचं झाड, एक हौद आणि एक गोदाम. त्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवर चढून माझ्याच वयाचा एक पोरगा मोठ्यानं काहीतरी वाचत बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. भारदस्त आवाज काढत होता, आणि मधेच घोगरा करून दुसऱ्याच माणसासारखा बोलत होता. मला वाटलं याला काहीतरी झालंय. मी खाली उभी राहून विचारलं, "कुणाशी बोलतोस रे?" तो म्हणाला, "वर ये. एकट्याला दोघांचं वाचाय लागून राहिलंय. तू उडणाऱ्याचं वाच."

असं माझं वाचन सुरू झालं. शाळेच्या पुस्तकानं नाही, एसटी स्टँडवरून आणलेल्या हिंदी कॉमिक्सनं. तेव्हा दोन कंपन्यांचे दोन नायक गल्लीत चालायचे. एक शिलाराज, खाणीत स्फोट होऊन ज्याचं अंग दगडाचं झालं तो. उडता यायचं नाही, फारसं बोलायचा नाही, पण हलवला तर हलायचा नाही. हा बसूचा. दुसरा झंझावात, वाऱ्यावर स्वार होणारा, तोंडाचा पट्टा कायम चालू. हा माझा. मी निवडला नव्हता, बसूनं माझ्या वाट्याला टाकला होता, पण एकदा माझा झाल्यावर मी त्याच्या बाजूनं जीव तोडून भांडायचे. आमचा नियम असा की नवा अंक आला की पहिलं वाचन दोघांनी मिळून, मोठ्यानं, आपल्या नायकाच्या अंकात त्याचं आपण बोलायचं, बाकीच्यांचं दुसऱ्यानं. एकट्यानं आधी चोरून वाचायचं नाही. आणि दोन्ही कंपन्यांचे नायक कधी समोरासमोर येत नसल्यामुळे आमचं एक भांडण कायमचं उघडं राहिलं होतं: हे दोघं भिडले तर जिंकेल कोण?

बसू वाचताना शांत बसायचा नाही. प्रत्येक पानावर त्याचं काहीतरी म्हणणं असायचं. "हे असलं बोलंल का तो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि अंक भिकार निघाला की तो मिटून, हात डोक्याच्या वर नेऊन, पोत्यांच्या गठ्ठ्यावर फाडकन आपटायचा. बारदान्याची धूळ कशी असते हे ज्यानं खाल्लीय त्यालाच कळेल. ती उडाली की पुढे गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या वडिलांना, आप्पांना, सटासट शिंका यायच्या, आणि शिंकांच्या मधून त्यांची हाक यायची, "बश्या, आता काय मेलं?" आम्ही थप्पीवर तोंड दाबून हसायचो.

ती आपटण्याची सवय कधी लागली ते मला पक्कं माहीत आहे, कारण त्या गोष्टीत मीही होते. एका अंकाच्या शेवटी शिलाराज मेला. धरण फुटू नये म्हणून स्वतः भगदाडात उभा राहिला आणि तिथेच भिंतीचा दगड झाला. पानभर चित्र. बसूचा आवाज वाचता वाचता बसला. मी झंझावातवाली, पण मीही हुंदके देऊन रडले. मग बसू नाक पुसून म्हणाला, "आता ह्याचं नीट करावं लागंल." म्हणजे अंत्यविधी. तिथे आमचं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हटलं जाळू या, आमच्यात जाळतात. तो लिंगायत, त्यांच्यात बसवून माती देतात. तो म्हणाला, "मंगे, दगड जळतो का? दगडाला मातीच द्यावी लागती."  मी एवढंच कबूल करून घेतलं की झंझावात मेला तर आमच्या पद्धतीनं जाळायचा.

मग लिंबाखाली खड्डा केला. कॉमिक आडवं ठेवायचं नाही, बसवायचं, म्हणून आत वीट लावून त्याला टेकवून उभं केलं. बसूनं देव्हाऱ्यातून विभूती आणली, मी देवळामागच्या बेलाची पानं. माती देताना त्यांचे स्वामी जे मंत्र म्हणतात त्यातलं जेवढं त्याला आठवत होतं तेवढं तो पुटपुटला, मग आम्ही दोघांनी मुठीनं माती लोटली. विभूतीचा डबा जागेवर नाही म्हणून त्याची आई, अव्वा, शोधत मागे आली आणि पानंफुलं वाहिलेला तो ढिगारा बघून हबकलीच. "जित्या घरात समाध्या घालतूस व्हय रे? कुणाची हाय ही?" बसू मान खाली घालून म्हणाला, "शिलाराजची." अव्वानं त्याला एक रट्टा घातला. पण एक सांगते, तिनं तो ढिगारा मोडला नाही. जाताना हात जोडून गेली.

आणि काही महिन्यांनी नवा अंक आला. कव्हरवर कोण? शिलाराज! खुलासा काय, तर काही नाही. धूर, विजा आणि धुरातून बाहेर येत "मैं लौट आया हूं!" मला आनंद झाला, मी खोटं बोलणार नाही. बसू मात्र पांढरा पडला. त्यानं खुरपं घेतलं, लिंबाखाली उकरलं. आतल्या अंकाला वाळवी लागली होती, हातात घेतला तर भुगा खाली पडला. तो भुगा बघत तो उभा राहिला आणि म्हणाला, "मंगे, आपण रडलो त्याचं काय?" मी म्हटलं, अरे पण जिवंत आहे ना, बरंच झालं की. तो म्हणाला, "मेला म्हणून सांगितलं. आपण रडलो. माती दिली. आन् आता म्हणतेत मेलाच न्हवता. आपण काय येडे हाव?" आणि तो नवाकोरा अंक त्यानं गठ्ठ्यावर आपटला. ती पहिली आपट. आप्पांची पहिली शिंक.

आता कुणी म्हणेल, पोरवयातली गोष्ट, एवढी काय घेऊन बसलात? तर माझं ऐका. हा राग पोरखेळ नव्हता. गोष्ट सांगणाऱ्यानं ऐकणाऱ्याशी इमानानं वागावं, एवढीच त्याची मागणी होती, आणि ती त्यानं नुसती कॉमिक्सवाल्यांकडे केली नाही. माझी बारावी झाली तेव्हा गावाकडे माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. वडील लातूरला आले ते खोली खाली करायलाच. आत्या भांडी बांधायला लागली. बसू, मिसरूड फुटलेला पोरगा, दुकानातून उठून आला आणि माझ्या वडिलांपुढे उभा राहिला. "काका, गोष्ट अर्ध्यात सोडायची न्हाई. तुम्हीच सुरू केलीय. हिला शिकवायचंच न्हवतं तर आणलं कामून होतं?" माझ्या वडिलांना असं कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं आता याच्या कानाखाली बसते. वडील खाली बसले आणि आत्याला म्हणाले, "चहा टाक. ह्या वकिलाला बी दे." खोली खाली झाली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली, पदवी घेतलेली, आणि पुढे कॉलेजात शिकवायला लागलेली मी पहिली. मी हे मिरवते आणि मरेपर्यंत मिरवणार. पण त्या मिरवण्यात बसूचा वाटा आहे, हे मी त्याच्या भावकीसमोर सांगितलं तेव्हा कुणालाच ते ऐकायचं नव्हतं. ते पुढे येईलच.

बसूनं दुकान धरलं. लग्न झालं, महानंदावहिनी आली. पहिल्याच महिन्यात तिनं मला विचारलं होतं, "ताई, हे गोदामात एकटेच कुणाला शिव्या देतेत?" मी म्हटलं, लेखकाला. तिला हसावं की माहेरी जावं कळेना. पुढे सवय झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती पोती शिवायची सुई-सुतळी घेऊन बसायची आणि हा मोठ्यानं वाचायचा. मी नांदेडला आले, पण नियम मोडला नाही. दिवाळीला, उन्हाळ्यात मी लातूरला गेले की साठवलेले अंक निघायचे. लोक म्हणायचे, एवढी मोठी प्राध्यापक बाई आणि पोत्यावर बसून काय वाचते! म्हणोत. शेजारची दुकानं गेली, तिथे क्लासेस आले, भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले, साऱ्या गल्लीत पोरं पाठीला दप्तर अडकवून मार्कांसाठी वाचायला लागली. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक माणूस निव्वळ गोष्टीसाठी वाचत होता, आणि गोष्ट चुकली की चिडत होता.

गेल्या वर्षी ती बातमी आली. बंद पडल्यात जमा असलेल्या त्या दोन्ही कंपन्यांनी हात मिळवला होता, आणि शिलाराज व झंझावात एकाच अंकात येणार होते! बसूचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मंगे, भिडणार हाईत. निकाल लागणार." पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंक पार्सलनं लातूरला आला, आणि त्यानं तो फोडलाही नाही. नियम म्हणजे नियम. तसाच पिशवीत घालून एसटीनं नांदेडला माझ्या घरी आला. दार उघडलं तर घामानं निथळत उभा. पाणी पण नको म्हणाला. "आधी बस. घसा साफ कर. उडणाऱ्याचं तुझं."

आम्ही वाचायला बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या पानावरच बिनसलं. दोघं नायक भिडतात, पण का? तर गैरसमजातून. शिलाराजला वाटतं झंझावातनं शहर उद्ध्वस्त केलं, झंझावातला वाटतं शिलाराजनं. बसूनं पान अडवलं. "गैरसमज? एवढे मोठे दोघं, एक फोन लावता येत न्हवता ह्यांना? आपण जलमभर भांडलो, आपल्यात काय गैरसमज होता?" मी म्हटलं वाच पुढे. पुढे मारामारी रंगात येते तोच आकाशातून तिसराच कुणी खलनायक उतरतो आणि दोघं एकमेकांचा हात धरून त्याच्याकडे वळतात. म्हणजे निकाल नाहीच! आमचं आख्ख्या जन्माचं भांडण, आणि यांनी ते दोन पानांत गुंडाळून टाकलं. मग शिलाराज झंझावातला "सॉरी" म्हणतो. बसू तो शब्द उच्चारायलाच तयार होईना. "हे असलं बोलंल का तो? मी न्हाई वाचत हे. तूच वाच." आणि शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, एका काडेपेटीएवढ्या चौकटीत शिलाराज मरतो. धरण नाही, भगदाड नाही. कुणा सोम्यागोम्याच्या हातातल्या यंत्राचा एक किरण लागतो, आणि संपला. बाकीच्या आख्ख्या पानावर झंझावात डोळे मिटून वाऱ्यावर उभा.

मी पान उलटलं. मलपृष्ठावर जाहिरात: पुढील भागात, शिलाराज की वापसी!

बसू हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "बघ," तो म्हणाला, "मरायच्या आधीच उठवून ठेवलाय. एकदा कोपऱ्यात मारलं, आन् त्याच कागदाच्या पाठीवर उठवलं." आपटायला माझ्या घरी बारदाना नव्हता. त्यानं सोफ्यावर आपटलं, तर धूळसुद्धा उडाली नाही, त्यानं तो आणखीच चिडला. आत छापलेल्या नंबरवर त्यानं तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला. कुणी मुलगी बोलली असावी. बसू आपल्या लातुरी हिंदीत सुरू झाला, "मॅडम, हमारे यहां एक बार मिट्टी दिये तो दिये. तुम उसको निकाले कैसा?... नहीं नहीं, पार्सल बराबर मिला. माल में खराबी है... कौन सा पेज? आख्खा पेज!" ती बिचारी सारखं पुढचा भाग वाचा म्हणत असावी, कारण शेवटी हा ओरडला, "नहीं पढूंगा! तुमारा पार्ट टू तुमकूच मुबारक!" मी इतकी हसले की पोट धरून खाली बसले. स्टँडवर सोडायला गेले तेव्हाही त्याचं चालूच होतं. एसटी हलली तरी खिडकीतून डोकं काढून, बोट नाचवत, "मंगे, पार्ट टू घ्यायचा न्हाई. शपथ हाय तुला!" मी हात हलवला... ती आमची शेवटची भेट.

आता त्या दिवसाचं. मी पोचले तेव्हा त्याला बसवलं होतं. अंगाला विभूती, गळ्यात हार, डाव्या तळव्यावर इष्टलिंग, मान किंचित झुकलेली. वाचताना तो अशीच मान झुकवायचा. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तर मी त्यांना सोडलं नसतं. खड्ड्यात त्याला भिंतीला टेकवून बसवलं, बेलाची पानं पडली, स्वामींचे मंत्र सुरू झाले, आणि मला लिंबाखालचा तो खड्डा दिसायला लागला... मी मूठभर माती टाकली आणि मनात त्यालाच शिवी दिली. वीट लावली होती रे आपण, आठवतं का? तुला आज मी माती देते आहे, आणि तू त्या सोड्याच्या बाटलीनं मेलास. काडेपेटीएवढ्या चौकटीत. हे असलं मरशील का तू?

नंतर शोकसभा झाली. ती मला विसरता येणार नाही. एक जण उठला, म्हणाला बसवराजजी अत्यंत शांत, मितभाषी होते. दुसरा म्हणाला, त्यांना कधी कुणी रागावलेलं पाहिलं नाही. तिसरे एक क्लासचे चालक, ते म्हणाले की त्यांना धार्मिक ग्रंथांच्या वाचनाची आवड होती, दुकानातही त्यांचं पठण चालायचं. पठण! मी समोर सतरंजीवर बसून ऐकत होते. एकेक माणूस उठत होता आणि माझ्या मित्राच्या जागी दुसराच कुणीतरी गुळगुळीत माणूस आणून बसवत होता. मग मी उभी राहिले. म्हटलं, "बसू शांत नव्हता. लातूरमध्ये त्याच्याएवढा चिडणारा वाचक दुसरा नव्हता. तो धार्मिक ग्रंथ वाचत नव्हता, कॉमिक्स वाचायचा. त्याच कॉमिक्सवर मी वाचायला शिकले, आणि तो माझ्या वडिलांशी भांडला म्हणून मी आज पदवीधर आहे. तुम्हाला त्याची आठवण काढायची असेल तर त्याची काढा." मागे कुणीतरी फिसकन हसलं. विश्वनाथअण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "मंगल, चार माणसांत हे बोलायची गरज होती का? पन्नाशीचा माणूस पोरासोरांची चित्रं बघायचा, हे काय सांगायचं असतंय व्हय?" मी म्हटलं, "अण्णा, त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही होतं का? तुम्हीच सांगा." ते चपला शोधायला लागले. अण्णा वाईट माणूस नाहीत. भाऊ गेल्यावर त्यांना तो चारचौघांसारखा हवा होता, एवढंच. पण हे 'एवढंच' मला सहन होत नाही.

महिनाभरानं वहिनीचा फोन आला. "ताई, दोन गोष्टी हाईत. भावजी गोदाम रिकामं करून क्लासवाल्याला द्यायचं म्हणतेत. ह्यांची पुस्तकं रद्दीत घालायची ठरलीय, उद्या माणूस येणार. आन् दुसरं... ह्यांच्या नावानं पार्सल आलंय. दिल्लीहून." पार्ट टू, मला कळलंच. मला शपथ घालून स्वतः एसटीतूनच मागवलेला असणार. चोर!

मी सकाळच्या गाडीनं लातूर गाठलं. गोदामात पोहोचले तेव्हा रद्दीवाल्यानं काटा लावला होता आणि अण्णा गल्ल्यावरून बघत होते. वर्षानुवर्षांचे अंक, सुतळीनं बांधलेले, दारात काढून ठेवलेले. मी भांडायच्या तयारीनं आले होते. वाटेत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पण मी तोंड उघडायच्या आधी वहिनी पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रद्दीवाल्याला म्हणाली, "दादा, वर्तमानपत्रं न्या. हे न्हाई." अण्णा म्हणाले, "महानंदा, ठेवून काय करायचं ह्याचं?" ती म्हणाली, "भावजी, ह्यांचा आवाज हाय त्याच्यात. तो किलोवर द्यायचा व्हय?" आयुष्यात ती थोरल्या दिराला पहिल्यांदा बोलली असावी. अण्णा गल्ल्यावरचा हिशेब उगाच इकडचा तिकडे करत बसले. रद्दीवाला वर्तमानपत्रं घेऊन गेला.

मग वहिनीनं ते पार्सल आणलं. न फोडलेलं. "मी न्हाई उघडलं," ती म्हणाली. "पहिलं वाचन दोघांचं असतंय ना." आम्ही दोघी पोत्यांच्या थप्पीवर बसलो. मी फोडलं. मी झंझावातचं वाचायला लागले. पहिली काही पानं तो एकटाच बोलत होता, नेहमीसारखा. मग एक पान आलं, आणि त्यात धूर, विजा, आणि धुरातून बाहेर येणारा तो. त्याच्या तोंडापुढे वाक्य होतं. ते माझं नव्हतं. मी थांबले. बाहेर एक ऑटो फटफटत गेला. आणि वहिनीनं माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, घसा साफ केला, आणि घोगऱ्या, जाड, अगदी त्याच आवाजात वाचलं, "मैं मरा ही कहां था?" एवढी वर्षं सुतळी ओढता ओढता ती नुसती ऐकत नव्हती.

पुढे खुलासा होता. मेलेला तो शिलाराजचा मातीचा पुतळा होता म्हणे, खरा शिलाराज डोंगरात आराम करत होता. वहिनीनं तेही वाचलं. मग पुढचं पान उलटायला हात नेला आणि तसाच ठेवला. तिचा आवाज अजून घोगराच होता, पण आता तो तिचा होता.

"मेलाच न्हवता म्हणतोय," ती म्हणाली. "आन् आपण रडलो त्याचं काय?"

मी तिला ती लिंबाखालची गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्यानं सांगितली असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. तिचे डोळे कोरडे होते, रागानं लाल झालेले. तिनं पुस्तक मिटलं, हात डोक्याच्या वर नेला आणि जोर लावून गठ्ठ्यावर फाडकन आपटलं. धूळ उडाली ती थेट गल्ल्यापर्यंत. अण्णांना एक शिंक आली, मग दुसरी, मग सटासट, आणि शिंकांच्या मधून, आप्पांच्याच सुरात, त्यांच्याही नकळत हाक आली,

"बश्या, आता काय..."

आणि ते थांबले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिघंही तसेच बसून होतो.